हाली, कळदार आणि मोबाईलमधील पाकीट

आमच्या औराद तालुक्यातील चिंताकी परिसरात वयोवृद्ध माणसांच्या तोंडी अजूनही दोन शब्द ऐकावयास मिळतात. एक हाली आणि दुसरा कळदार. निजामाच्या राज्यात चारमिनारचे चित्र असलेला हाली रुपया चाले, तर इंग्रजी मुलखात कळदार. सात हालीला सहा कळदार असा साधारण हिशेब असे. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली बीदर जिल्हा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात आला, तरी हाली रुपया चलनातून पुरता जाण्यास १९५९ साल उजाडावे लागले. माझे आजोबा त्या काळी शाळकरी पोर होते. सोलापूरकडे जाणारा माणूस आधी हालीचे कळदार करून घेई आणि मोडून देणारा त्यात बट्टा कापून घेई, असे ते सांगतात. आपल्या खिशातला पैसा दुसऱ्याच्या दारात चालेल काय, हा प्रश्न आमच्या भागाला नवा नाही.

तोच प्रश्न आज मोबाईलच्या रूपाने पुन्हा समोर आला आहे. गावातील कोणत्याही चहाच्या हॉटेलात जाऊन पाहा. गल्ल्याजवळ तीन-चार कंपन्यांच्या क्यूआर कोडच्या पाट्या, शेजारी पैसे आल्याचे ओरडून सांगणारा डबा. गिऱ्हाईक मराठीत बोलते, मालक कानडीत उत्तर देतो आणि डबा हिंदीत आकडा सांगतो! पण "यातले कोणते ॲप चांगले?" असे आपल्या वर्गातील दहाजणांना विचारले तर नऊजण सांगतील, "ज्यात कॅशबॅक जास्त ते." पूर्वी मीही हेच सांगत असे. आता सांगत नाही. त्याचे कारण येथे मोकळेपणाने नमूद करतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. लहान मुलांच्या शिकवणीचे थोडे पैसे माझ्या बँक खात्यात येत. एका कंपनीच्या मोबाईल पाकिटात पैसे भरले की दहा-वीस रुपये परत मिळत, म्हणून मी खात्यातील रक्कम त्या पाकिटात भरून ठेवू लागलो. परीक्षेच्या फीचा शेवटचा दिवस आला. फी बँकेत चलनाने भरावयाची होती. पाकिटात १,४०० रुपये होते, खात्यात जेमतेम ३००. पाकिटातून खात्यात रक्कम वळवू लागलो तर उत्तर आले, 'केवायसी अपूर्ण आहे.' ओळखीची पूर्ण कागदपत्रे दिल्याशिवाय अशा पाकिटातून फक्त खरेदी करता येते, रक्कम बँकेत नेता येत नाही. हा नियम मला ठाऊक नव्हता, कारण अटी मी वाचल्याच नव्हत्या. शेवटी आजोबांनी बंडीच्या आतल्या खिशातून नोटा काढून दिल्या. देताना एवढेच विचारले, "पैसे तुझेच हायत ना? मग तुला का देईनात?" वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असूनही मला उत्तर देता आले नाही. ती शरम मला पुष्कळ शिकवून गेली.

त्या दिवसापासून मी एक भेद पक्का लक्षात ठेवला आहे. मोबाईलवरून पैसे देण्याचे दोन निराळे प्रकार आहेत. पहिला पाकिटाचा. यात आपण रक्कम आगाऊ कंपनीकडे जमा करतो आणि मग ती खर्च करतो. त्या रकमेवर व्याज मिळत नाही आणि बँकेतील ठेवीला जे पाच लाखांपर्यंतचे विमा संरक्षण असते तेही पाकिटाला नाही. दुसरा प्रकार यूपीआयचा. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ही व्यवस्था २०१६ साली सुरू केली. यात पैसा आपल्या बँक खात्यातच राहतो. ॲप हा केवळ दरवाजा. दरवाजा बिघडला तर दुसऱ्या दरवाजाने जाता येते. फोनपे, गुगल पे, पेटीएम किंवा कॉर्पोरेशनचे स्वतःचे भीम, कोणत्याही ॲपने कोणत्याही यूपीआय पाटीवर पैसे देता येतात. येथे हाली-कळदारचा बट्टा नाही. म्हणून ॲप निवडताना पहिला प्रश्न हा विचारावा: रात्री मी झोपतो तेव्हा माझा पैसा कोणाच्या घरी असतो?

हा प्रश्न पुस्तकी नाही. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घातले. फोनपेचे व्यवहार त्या एकाच बँकेच्या आधाराने चालत असल्यामुळे ते ठप्प झाले. लोकांचे पैसे आपापल्या बँकांत सुरक्षित होते. ज्यांच्याकडे दुसरे ॲप होते त्यांचे काम अडले नाही. पुढे ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेविरुद्ध आदेश काढला आणि १५ मार्चनंतर तिच्या पाकिटात नवी रक्कम भरणे बंद झाले. शिल्लक रक्कम वापरण्याची मुभा राहिली, पेटीएमचे यूपीआयही इतर बँकांच्या आधाराने चालू राहिले. पण मधल्या दिवसांत साधी माणसे किती घाबरली असतील! पाकीट आणि दरवाजा यांतील फरक त्यांना कोणी समजावून सांगितलाच नव्हता. यासाठी माझे मत असे की, यूपीआयची दोन ॲप ठेवावीत आणि एकाच कंपनीवर सारा भार टाकू नये. खुद्द नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननेही कोणत्याही एका ॲपकडे ३० टक्क्यांहून अधिक व्यवहार असू नयेत असा नियम २०२० साली केला. त्याची मुदत मात्र वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत गेली.

आमच्या एका सरांचा याला आक्षेप आहे आणि तो विचार करण्यासारखा आहे. ते म्हणतात, "पाकिटात पाचशे रुपये असतील तर चोरी पाचशेचीच होईल. यूपीआयला अख्खे खाते जोडलेले असते, त्याचे काय?" गोष्ट खरी आहे. परंतु उपाय पाकिटाशिवायही आहे. तुरीचे, सोयाबीनचे किंवा शिष्यवृत्तीचे पैसे ज्या खात्यात येतात ते यूपीआयला जोडूच नये. किरकोळ खर्चासाठी निराळे बचत खाते ठेवावे व त्यात महिन्यापुरती रक्कम वळवावी. चहा-पाणी, झेरॉक्स यांसाठी यूपीआय लाइटची सोय आहे. तिच्यात एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय देता येतात आणि जास्तीत जास्त ५,००० ठेवता येतात. हेही एक छोटे पाकीटच, पण त्यातील शिल्लक पुन्हा आपल्या खात्यात वळवता येते. मात्र फोन हरवला तर ही रक्कम जाऊ शकते, म्हणून फोनला कुलूप हवेच.

दुसरी कसोटी भाषेची. ज्या भाषेत आपण भांडतो, हिशेब करतो, त्या भाषेत ॲप नसेल तर अटी कोण वाचणार? भीम ॲप मराठीत आहे आणि कन्नडमध्येही. इतर मोठ्या ॲपमध्येही भाषा बदलता येते. पण किती विद्यार्थ्यांनी आपल्या आईच्या फोनवर ही भाषा बदलून दिली आहे? इंग्रजी अक्षरांवर अंदाजाने बोट ठेवणारी आई आपण रोज पाहतो आणि गप्प बसतो. ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे त्यांच्यासाठी *९९# ही सोय आहे आणि मार्च २०२२ पासून १२३पे हीदेखील आहे. ती वापरून दाखविण्याचे काम जाहिरातींचे नव्हे, आपले आहे.

आता दुकानदाराची बाजू. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकातील अनेक छोट्या व्यापाऱ्यांना यूपीआयवरील जमेच्या आधारे जीएसटीच्या नोटिसा आल्या. बेंगळूरमध्ये काही दुकानांवर 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. मुख्यमंत्र्यांशी बोलणी झाल्यावर जुनी वसुली होणार नाही असे आश्वासन मिळाले आणि नियोजित बंद मागे घेण्यात आला. त्या धास्तीने आमच्या ओळखीच्या एका किराणा दुकानदारानेही पाटी उलटी करून ठेवली होती. मी त्यांना म्हणालो, "काका, पाटी उलटी करून काय होणार? वही सुलटी करा." मालाच्या विक्रीला वर्षाकाठी ४० लाखांच्या आत नोंदणीची सक्ती नाही आणि दूध, ताजी भाजी यांवर करही नाही. घोटाळा होतो तो दुकानाची विक्री, पाहुण्यांचे उसने आणि घरचा पैसा एकाच खात्यात आल्यामुळे. दुकानाचे खाते निराळे आणि रोजची वही चोख असेल, तर आलेल्या नोटिशीला उत्तर देता येते. ही वही लिहून देण्यास वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याहून योग्य कोण?

फसवणुकीविषयी थोडक्यात लिहितो. पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. एवढे एक वाक्य घरोघरी पोहोचले तरी पुष्कळांचे कष्टाचे पैसे वाचतील. तरीही घात झालाच तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेला कळवावे. कंपनीने वा बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

कोणी म्हणेल, मग रोख पैसाच बरा नव्हे काय? तसे माझे म्हणणे नाही. बीदरला शिकणाऱ्या मुलाला रात्री दहा वाजता गावाहून बाप पैसे पाठवू शकतो, ही लहान गोष्ट नव्हे. पण सर्व्हर बंद पडतो, बॅटरी संपते. म्हणून परतीच्या एस.टी.चे भाडे आणि एक वेळच्या जेवणापुरत्या नोटा खिशात असाव्यात, एवढेच माझे सांगणे.

शेवटी एक सूचना. आपल्या महाविद्यालयाच्या वाणिज्य मंडळाने दर महिन्याच्या एका शनिवारी गावात बसून लोकांच्या फोनची भाषा बदलून द्यावी, अर्धवट केवायसी पूर्ण करण्यास मदत करावी, दुकानदारांना वही घालून द्यावी. याच अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांनीही यात सामील व्हावे, कारण फसविणारा भाषा पाहून फसवीत नाही. माझ्यापुरते सांगायचे तर ते पाकीट मी रिकामे करून बंद केले आहे आणि आजोबांचे पैसे पहिल्या शिकवणीच्या फीतून परत केले आहेत. त्यांनी ते मोजून घेतले आणि पुन्हा बंडीच्या आतल्या खिशात ठेवले.