पुडीवरचे नाव आणि मेंदूवरचा घाव

ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी कक्षाने नालासोपाऱ्यात ७०० किलोंहून अधिक मेफेड्रोन पकडले आणि त्याची किंमत १,४०० कोटी रुपयांच्या घरात असल्याचे जाहीर केले, तेव्हा साऱ्या पालघर जिल्ह्याला तो आकडा तोंडपाठ झाला. माल किती कोटींचा, हे चहाच्या टपरीवरचे पोरही सांगू लागले. तो माल माणसाच्या मेंदूचे काय करतो, हे मात्र कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही! जणू काही या प्रकरणात नासण्यासारखे जे काही होते ते पैशांतच मोजता येण्यासारखे होते.

हा प्रश्न विचारणारा एक वर्ग मात्र आहे. तो म्हणजे विशी-पंचविशीतला तरुण. ‘एकदोनदा घेतले तर डोके कायमचे बिघडते काय?’ असे तो विचारतो. वडिलांना नव्हे, मास्तरांना नव्हे, तर जो पुडी देतो त्यालाच! कारण वडीलधाऱ्यांकडे याचे एकच ठरलेले उत्तर आहे, की एका गोळीने मेंदूला भोके पडतात. आता बोईसरच्या या तरुणाने आपल्या एका सोबत्याला रात्री गोळी घेताना आणि परवा पाळीवर हजर झालेला पाहिलेले असते. भोके काही त्याला दिसत नाहीत. त्या क्षणापासून वडीलधाऱ्यांच्या खऱ्या इशाऱ्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो. लांडगा आला रे आला म्हणून नित्य ओरडणाऱ्याचे दुसरे काय व्हायचे?

मुळात नावातच घोटाळा आहे. परदेशांत ज्याला ‘एक्स्टसी’ म्हणतात ते एमडीएमए. जर्मनीतील मर्क कंपनीत १९१२ साली ते प्रथम सिद्ध झाले. आपल्याकडे मुंबईपासून डहाणूपर्यंत ज्याला ‘एमडी’ म्हणतात ते मात्र मेफेड्रोन. ते निराळेच रसायन आहे, आणि २०१५ साली ते आपल्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले गेले. कायदा दोहोंची गल्लत करीत नाही. एक्स्टसीचे १० ग्रॅम आणि मेफेड्रोनचे ५० ग्रॅम, अशी व्यापारी प्रमाणाची मर्यादा त्याने वेगवेगळी ठरविली आहे. गल्लत करतो तो बाजार, आणि गोव्याच्या किनाऱ्यावरच्या गोळीविषयी ऐकलेली गोष्ट बोईसरच्या पुडीला लावतो तो गिऱ्हाईक!

मग शास्त्र काय म्हणते? एक्स्टसी मेंदूतील सेरोटोनिनचा साठा एकदम रिता करते. १९९८ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी पूर्वी ती वापरलेल्या १४ जणांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली, तेव्हा सेरोटोनिन परत उचलून घेणारे प्रथिन त्यांच्यात कमी आढळले. पुढे अनेकांनी हे तपासले. गोळी सोडून दीर्घ काळ लोटलेल्यांत ते प्रथिन पुष्कळ अंशी पूर्ववत होते, असे दिसले. पण शेकड्यांनी गोळ्या घेतलेल्यांची स्मरणशक्ती तितक्या तत्परतेने परतली नाही. उलट २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, इतर नशा जवळपास न करणारे लोक मुद्दाम निवडले, तेव्हा त्यांच्या बुद्धीत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. तेव्हा एका गोळीने मेंदू जळतो, हे सिद्ध झालेले नाही. आणि वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्याचे काहीच बिघडत नाही, हेही खरे नाही.

आणि या वादातली सर्वांत बोधप्रद हकीकत तर लेबलाचीच आहे! सप्टेंबर २००२ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्याच गटाने ‘सायन्स’ या मान्यवर नियतकालिकात असा निष्कर्ष मांडला, की एका रात्रीत घेतल्या जाणाऱ्या मात्रेनेही माकडांच्या मेंदूला असा घाव बसतो की पुढे कंपवाताचा धोका संभवावा. जगभर हाहाकार झाला. वर्षभराने, सप्टेंबर २००३ मध्ये, त्याच संशोधकांना तो निबंध मागे घ्यावा लागला. कारण एक प्राणी सोडून बाकी साऱ्यांना एक्स्टसी दिलीच गेली नव्हती. बाटल्यांवरची लेबले उलटसुलट झाली होती आणि आत होते मेथाम्फेटामाईन! जगातल्या नामांकित प्रयोगशाळेला बाटलीत काय आहे ते कळले नाही. मग मोटारसायकलवरून पुडी आणून देणाऱ्या पोराला ते कोठून कळणार?

आमच्या मते खरा धोका इथेच आहे. एक्स्टसी घेऊन जे मरतात त्यांचा मेंदू वीस वर्षांनी झिजतो म्हणून ते मरत नाहीत. त्याच रात्री अंगाचा ताप भडकतो म्हणून, किंवा घाबरून घटाघटा पाणी प्याल्याने रक्तातले मीठ उतरून मेंदू सुजतो म्हणून ते मरतात. मेफेड्रोनचा अंमल त्याहून लवकर उतरतो. म्हणून माणूस तासाभरात पुन्हा हात पुढे करतो, रात्रभर करीत राहतो आणि झोप हरपून संशयाने पछाडला जातो. त्याच्या दूरच्या परिणामांवरचे संशोधन एक्स्टसीच्या मानाने फारच तोकडे आहे. म्हणजे जिच्याविषयी जगाला अधिक ठाऊक आहे ती गोळी आमचा तरुण घेत नाही, आणि जी पुडी घेतो तिच्याविषयी थोडेच ठाऊक आहे!

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. पिंपावर नाव नसेल तर तिथला जाणता कामगार झाकणाला हात लावीत नाही. तोच कामगार सुटीच्या रात्री बिननावाची पांढरी पूड नाकाशी नेतो, हे नवल आहे. (आणि तरुणांच्या मेंदूची ज्यांना आज एवढी चिंता वाटते, त्यांना आमचे एक विचारणे आहे. विद्रावकांच्या वाफेत वर्षानुवर्षे उभे राहिल्याने स्मृती आणि अवधान खचते, हे वैद्यकाने केव्हाच मान्य केले आहे. त्या मेंदूंची गणती कोण करणार?)

सरकारकडे आमचे मागणे साधे आहे. धाड पडली की किमतीचा आकडा सांगायचा असेल तर जरूर सांगावा. पण न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्या पुडीत काय काय निघाले, तेही त्याच तत्परतेने जाहीर करावे. शाळा-महाविद्यालयांतून भोकांची चित्रे दाखविण्याचे थांबवून ताप, पाणी आणि पुन्हा पुन्हा घेण्याची ओढ यांविषयी खरे ते बोलावे. आणि एक गोष्ट तर घरोघर कळली पाहिजे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाण बाळगण्याच्या आरोपात सापडलेला व्यसनी मनुष्य स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पुरे करील, तर कायद्याचे कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देते. मुलगा पकडला जाईल या भीतीने त्याला खोलीत कोंडून ठेवणाऱ्या आईला हे कलम कोणी सांगितलेले नाही. ते आणि १४४४६ हा केंद्र सरकारचा विनामूल्य मदतक्रमांक, दोन्ही बोईसर आणि पालघर स्थानकांच्या फलाटांवर ठळक अक्षरांत लावावेत. मराठीत आणि हिंदीतही, कारण रात्रपाळी आटोपून त्या फलाटांवर उतरणारा पुष्कळसा मजूर उत्तरेकडून आलेला आहे.