जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी टीव्हीला जोडून पाहा!

पाथर्डी तालुक्यातील आमच्या घरी कपाटात एक बिस्किटाचा डबा आहे. त्यात लग्नांच्या, बारशांच्या आणि गावच्या हरिनाम सप्ताहाच्या सीडी-डीव्हीडी आहेत. गेल्या दिवाळीत आजोबांच्या कीर्तनाची डीव्हीडी लावायची ठरली, तेव्हा घरात ती चालवणारे एकही यंत्र उरले नव्हते. डीव्हीडी प्लेअर केव्हाच मोडीत गेला होता. नव्या स्मार्ट टीव्हीवर जगभरचे सिनेमे दिसत होते, आजोबा मात्र नाहीत. नगर शहरापासून अकोल्यापर्यंत किती घरांत असे डबे असतील, याचा विचार करा.

त्याच कपाटात बहुधा एक जुना लॅपटॉपही असतो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित आधार थांबवला. ‘विंडोज ११’ न चालणारे असंख्य लॅपटॉप त्यामुळे ‘कालबाह्य’ ठरले. माझे मत स्पष्ट आहे. यातले बरेच लॅपटॉप भंगारात देण्याजोगे नाहीत. त्यांवर लिनक्स टाकावे, ‘कोडी’ बसवावे आणि ते टीव्हीला जोडावेत.

‘कोडी’ म्हणजे काय?

‘कोडी’ हे मोफत आणि मुक्त मीडिया सेंटर सॉफ्टवेअर आहे. तुमच्याकडचे व्हिडिओ, गाणी, फोटो टीव्हीच्या पडद्यावर नीट मांडून दाखवणे हे त्याचे काम. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी हौशी प्रोग्रॅमरांनी ते घडवले, म्हणून आधीचे नाव ‘एक्सबीएमसी’. आपल्या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये बदलले, तसे याचे २०१४ मध्ये बदलले. आज ते ना-नफा संस्थेच्या छत्राखाली चालते.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कोडी स्वतः एकही सिनेमा देत नाही. ‘सगळे चॅनल फुकट’ म्हणून जे बॉक्स विकले जातात, त्यांत बाहेरची चोरीची अॅड-ऑन भरलेली असतात. ती बेकायदा तर आहेतच, शिवाय ती कोणी लिहिली आणि ती तुमच्या वायफायवर काय करतात, हे कळायला मार्ग नसतो. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

लॅपटॉप किती जुना चालेल?

‘लिनक्स मिंट’ला ६४ बिटचा प्रोसेसर आणि किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असेल तर काम सुखाने होते. मिंट पेन ड्राइव्हवर घेऊन, काहीही न पुसता आधी चालवून पाहता येते. वायफाय, आवाज, एचडीएमआय ठीक चालले, तरच पुढे जा. प्रत्यक्ष बसवताना जुनी डिस्क पुसली जाऊ शकते, म्हणून फोटो आणि कागदपत्रे आधी दुसरीकडे उतरवून घ्या. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र हा खटाटोप करू नका. ती आधी जाणकाराकडून काढून घ्या.

बसवायचे कसे?

मिंटच्या ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’मध्ये कोडी शोधा आणि इन्स्टॉल करा. कमांड पाठ करण्याची गरज नाही. पॉवरच्या सेटिंगमध्ये ‘झाकण बंद केल्यावर काहीही करू नये’ असा पर्याय निवडा. म्हणजे लॅपटॉप टीव्हीमागे मिटून ठेवता येतो. फक्त हवा खेळती राहील, हे बघा. ‘स्टार्टअप अॅप्लिकेशन्स’मध्ये कोडीचे नाव घातले की लॅपटॉप सुरू होताच कोडी उघडते.

चित्र टीव्हीवर आणि आवाज लॅपटॉपमधून, असे हमखास होते. तेव्हा कोडीच्या सेटिंगमधील ‘सिस्टिम’ आणि मग ‘ऑडिओ’मध्ये जाऊन आउटपुट एचडीएमआय करा.

घरच्यासारखे कसे करायचे?

खरी गंमत इथे आहे. घरगुती डीव्हीडीतला ‘व्हिडिओ टीएस’ हा अख्खा फोल्डर हार्डडिस्कवर उतरवला की कोडी तो चालवते. डीव्हीडी ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा मिळतो, किंवा शेजाऱ्याचा दोन दिवस मागून आणता येतो.

फोल्डर जोडताना ‘यात काय आहे’ असे कोडी विचारते. विकत घेतलेल्या सिनेमांसाठी ‘मूव्हीज’ निवडा आणि फाइलला ‘सैराट (२०१६)’ असे नाव व वर्ष द्या, मात्र ते इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत. पोस्टर व माहिती इंटरनेटवरून आपोआप येते. घरगुती व्हिडिओंसाठी मात्र ‘नन’च निवडा. नाहीतर आजोबांच्या कीर्तनाला एखाद्या परदेशी सिनेमाचे पोस्टर चिकटायचे! मराठी नावांच्या जागी चौकोन दिसले, तर ‘स्किन’च्या सेटिंगमध्ये फॉन्ट बदलून ‘एरियल’वर आधारित करा.

‘कॉन्फिगर स्किन’मध्ये जाऊन नको असलेले रेडिओ, गेम्स, हवामान हे पर्याय मुख्य यादीतून काढून टाका. आजीला चारच गोष्टी दिसू द्या. रिमोट म्हणून कोडीचेच ‘कोरे’ हे अॅप अँड्रॉइड मोबाइलवर चालते. त्यासाठी दोन्ही यंत्रे एकाच वायफायवर असावीत आणि कोडीच्या सेटिंगमध्ये रिमोटला परवानगी द्यावी लागते.

मग स्वस्तातली स्टिक काय वाईट?

हा प्रश्न रास्त आहे. फक्त ओटीटी पाहायचे असेल, तर स्टिकच घ्या. ती लॅपटॉपपेक्षा बरीच कमी वीज खाते, तिचा रिमोट सोपा असतो आणि ओटीटीची अधिकृत अॅप तिच्यावर सरळ चालतात. जुन्या लॅपटॉपवर ४के व्हिडिओ बहुतेक वेळा अडखळतो, हेही खरे.

पण स्टिकचा पडदा कंपनीचा असतो. वर काय दाखवायचे, जाहिरात कोणती, अपडेट कधी थांबवायचे, हे तिकडे ठरते. आपल्या घराचा इतिहास अशा पडद्याच्या भरवशावर ठेवू नये. कोडीला घरातल्या व्हिडिओंसाठी इंटरनेटही लागत नाही. वाडीवस्तीवर रेंज गेली तरी लग्न थांबत नाही आणि कीर्तनही नाही.

सीडी-डीव्हीडी कायमच्या नसतात. ओल, बुरशी आणि ओरखडे त्यांना हळूहळू संपवतात. आमच्या डब्यातली एका लग्नाची डीव्हीडी मंगलाष्टकांपर्यंत चालली आणि तिथेच अडकली. पुढचा भाग आता कोणाकडेच नाही. कीर्तनाची डीव्हीडी मात्र वाचली. संक्रांतीला आजी टीव्हीसमोर बसली, आजोबांचा आवाज आला आणि तिने पदर सावरला.

तेव्हा या रविवारी एवढेच करा. डबा उघडा, लॅपटॉप झटका आणि प्रत्येक डीव्हीडीच्या दोन प्रती काढा. एक लॅपटॉपवर, दुसरी बाहेरच्या हार्डडिस्कवर. कोडी पुढच्या रविवारी बसवले तरी चालेल. डीव्हीडी तोवर थांबतीलच, असे नाही.