किल्ली कुणाच्या कनवटीला?

राज्यातील सर्व १,१०० पोलीस ठाण्यांत गुन्हे तपासाची ‘महाक्राइमओएस एआय’ प्रणाली बसवणार, अशी घोषणा डिसेंबर २०२५ मध्ये मुंबईत मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांच्या साक्षीने झाली आणि टाळ्या पडल्या. पडणारच. सायबर भामट्यांनी निवृत्तांच्या ठेवी लुटण्याचा सपाटा लावलेला असताना पोलिसांना चांगले हत्यार मिळू नये, असे कोण म्हणेल? पण हे हत्यार चालते मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवर. ते राबवणारी ‘मार्व्हल’ ही सरकारी कंपनी आहे, सॉफ्टवेअर देशी कंपनीने केले आहे, हे सारे मान्य. वाडा आपण बांधला, जोते मात्र भाड्याचे. उद्या डोंबिवलीच्या मानपाडा पोलीस ठाण्यातला जबाब, कल्याणच्या बाजारपेठ ठाण्यातल्या फिर्यादीचे बँक तपशील ज्या तिजोरीत जातील, तिची किल्ली कुणाच्या कनवटीला असेल? टाळ्यांतून याचे उत्तर मिळत नाही.

हा भयगंड नव्हे. वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेल कंपनीचे काय झाले, ते जुलै २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिले. रशियाच्या रोसनेफ्टचा ४९ टक्के हिस्सा म्हणून युरोपीय संघाने १८ जुलैला निर्बंध लादले. चार दिवसांत मायक्रोसॉफ्टने आउटलुक आणि टीम्स बंद केले. भारतात नोंदलेली कंपनी, वाडीनारला भारतीय तेलशुद्धीकरण कारखाना, परवाना पैसे मोजून घेतलेला, भारतीय कायद्याचा कसलाही भंग नाही. तरी फास ब्रसेल्सने टाकला, दोरी अमेरिकी कंपनीने ओढली आणि टपाल अडले मुंबईत. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा कुठे महिनाअखेरीस सेवा परत आली. मधल्या काळात उपयोगी पडले ते आपले जुनेपुराणे रेडिफ. ज्याच्या मेलआयडीला आज कॉलेजातली पोरे हसतात, तेच.

गंमत पुढे आहे. ज्या युरोपने नायराला हा चटका दिला, तोच आता भाजल्या बोटांवर फुंकर घालत बसला आहे. अमेरिकेने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या न्यायाधीशांवर निर्बंध लादले आणि निकोला गिय्यू या फ्रेंच न्यायाधीशांची अ‍ॅमेझॉन, पेपॅलवरची खाती बंद झाली. फ्रान्समधल्याच हॉटेलचे आरक्षण रद्द झाले. आपल्याच देशात माणूस परका! मग त्या न्यायालयाने मायक्रोसॉफ्ट सोडून जर्मनीच्या ‘ओपनडेस्क’ची वाट धरली. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने ४० हजारांहून अधिक मेलपेट्या खुल्या स्रोताच्या प्रणालीवर हलवल्या. फ्रान्सने २०२७ पर्यंत सरकारी बैठका टीम्स-झूमवरून काढून स्वतःच्या ‘व्हिझिओ’वर नेण्याचे ठरवले. हे सोपे नाही. म्युनिक शहराने लिनक्सचा घाट घातला आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे जायचे ठरवले. पण तिथे निदान प्रश्न तरी विचारला जातो.

आपल्याकडे प्रश्न विचारला की बोट डोंबिवलीजवळच्या पलावातल्या डेटा सेंटर प्रकल्पांकडे दाखवले जाते. माहिती देशातच राहणार, मग काळजी कसली? अ‍ॅमेझॉनने २०२४ मध्ये पलावात विकासक लोढांकडून सुमारे ४५० कोटींना ३८ एकर जागा घेतली. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्याच डेटा सेंटर पार्कसाठी राज्य सरकारने ३० हजार कोटींचा करार केला. गुंतवणूक यावी, आमची ना नाही. पण जमीन डोंबिवलीची, वीज महाराष्ट्राची, ट्रॅफिक शिळफाट्याचा, म्हणून माहितीही आपली झाली, हा निव्वळ भाबडेपणा आहे. अमेरिकेचा २०१८ चा ‘क्लाउड अ‍ॅक्ट’ स्पष्ट सांगतो: कंपनी अमेरिकी असेल तर तिच्या ताब्यातली माहिती जगात कुठेही साठवलेली असो, तिथल्या वैध आदेशावर ती द्यावी लागेल. सर्व्हर पलावात की पॅरिसात, त्या कायद्याला फरक पडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या फ्रान्समधल्या अधिकाऱ्याला तिथल्या सिनेटने शपथेवर विचारले, फ्रेंच नागरिकांची माहिती अमेरिकेला जाणार नाही याची हमी देता का? तो नाही म्हणाला. आपल्या कुठल्या सभागृहाने कुणाला शपथेवर असे विचारले आहे? उद्घाटन होताच काही तासांत बंद करावा लागलेल्या पलावा पुलाबद्दलही आपण फार विचारत नाही, तर क्लाउडबद्दल काय विचारणार!

त्यात केंद्राची तऱ्हा आणखी निराळी. तिथे १२ लाख कर्मचाऱ्यांचे मेल झोहोवर गेले, ऑक्टोबर २०२५ मध्ये गृहमंत्री अमित शहांनी आपला झोहोचा पत्ता जाहीर केला, स्वदेशीचा गजर झाला. दोनच महिन्यांत त्याच पक्षाच्या नेतृत्वाखालच्या राज्य सरकारने मुंबईत पोलिसांचे काम अझूरवर सोपवले. स्वदेशी फक्त मेलच्या पत्त्यापुरती आणि गुन्ह्यांच्या फायली विदेशी जोत्यावर, हे कुठले धोरण? आणि झोहो म्हणजे तरी काय? तीही खासगीच कंपनी. एका सावकाराचे कर्ज दुसऱ्याकडून फेडले म्हणून सातबारा कोरा होत नाही. किल्ली सरकारच्या कनवटीला हवी: संगणक आज्ञावलीची प्रत सरकारच्या हाती, कूटसंकेताच्या चाव्या सरकारच्या हाती, आणि उद्या सेवा तुटली तर परवा काम कशावर चालेल याची रंगीत तालीम झालेली.

हे महाराष्ट्राला नवे नाही. अमेरिकेने महासंगणक नाकारला तेव्हा पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम’ उभा केला. एवढे लांब कशाला? या शतकाच्या सुरुवातीला, इतर महापालिका खातेवह्यांत मान घालून बसल्या होत्या तेव्हा कल्याण-डोंबिवली महापालिकेने घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले संगणकावर आणले. एबीएम या मुंबईच्या कंपनीने ती प्रणाली घडवली आणि पुढे राज्यातल्या नगरपालिकांनी ती उचलली. खड्ड्यांसाठी आणि कचऱ्यासाठी शिव्या खाणाऱ्या या महापालिकेने एकेकाळी राज्याला गिरवायला कित्ता दिला होता. आज त्याच गावातल्या पोलीस ठाण्यासाठी आपल्याला मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडची पायरी चढावी लागते.

गृहखात्याने मायक्रोसॉफ्टशी झालेला करार जनतेसमोर ठेवावा. सेवा एकतर्फी तोडता येईल का, माहिती मागण्याचा परदेशी हुकूम आला तर राज्याला कळवले जाईल का, चाव्या कुणाकडे, हे त्यातून वाचता आले पाहिजे. नायरापाशी वकील होते, पैसा होता, दिल्लीचे न्यायालय होते आणि मधल्या काळात रेडिफ होते. मानपाड्याच्या ठाणे अंमलदाराने स्क्रीन काळी पडली तर फिर्याद कोणत्या वहीत लिहायची?