सण आजचा, ऋण उद्याचे

निवडणूक हा लोकशाहीचा उत्सव होय, असे आम्ही नागरिकशास्त्राच्या तासाला शिकवितो. उत्सव म्हटला की रोषणाई आली, मिरवणूक आली आणि खर्चही आला. मात्र हा खर्च कोणी भागवावयाचा, हे मंडपात उभे राहून विचारणारा माणूस आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे.

१० मे २०२३ रोजी आपल्या कर्नाटकात विधानसभेची निवडणूक झाली. एका पक्षाने पाच हमी दिल्या. त्यांत घरच्या कर्त्या स्त्रीस दरमहा २,००० रुपये, २०० युनिटांपर्यंत मोफत वीज व स्त्रियांस मोफत बसप्रवास होता. दुसऱ्या पक्षाने गरीब कुटुंबांस रोज दूध आणि उगादी, गणेशचतुर्थी व दिवाळी या तीन सणांना मोफत सिलिंडर देऊ केले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातही तेच घडले. बहिणींस १,५०० रुपये मिळू लागले होते. निवडणुकीत एका आघाडीने २,१०० म्हटले, दुसरीने ३,०००! लिलावातील बोली जणू.

त्या दिवसांत आमच्या गल्लीतही उमेदवार आले. गटार, नळ, रस्ता यांवरून लोकांनी त्यांस धारेवर धरले. ‘पैसा आणणार कोठून?’ असे मात्र कोणीही विचारले नाही. आम्हीही विचारले नाही, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

आता हिशेब पाहू. आपल्या राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ४ लाख ९ हजार कोटी रुपयांचा होता. पैकी सुमारे ५१ हजार कोटी पाच हमींसाठी, आणि १ लाख १६ हजार कोटी कर्जाऊ काढावयाचे. म्हणजे शंभर रुपयांतील अठ्ठावीस उसने! त्यांतील काही जुने कर्ज फेडण्यातच जावयाचे. विशेष हे की, राज्याच्या कर्जास मर्यादा घालणारा कायदा २००२ साली देशात सर्वप्रथम कर्नाटकानेच केला. सरकारास कायद्याने वेसण घातली; मतदाराच्या विस्मृतीस कोण घालणार?

आम्ही या योजनांचे वैरी नव्हे. भाजीची पाटी घेऊन हुबळीच्या बाजारात येणाऱ्या माउलीचे बसभाडे वाचले, तर आम्हांस आनंदच आहे. दुबळ्यास हात देणे हे सरकारचे कर्तव्यच होय. परंतु मदत कोणती, कोणास आणि कशाच्या बळावर, हे विचारणे हेही नागरिकाचे कर्तव्य आहे.

आमच्या घरी बोली कोकणी. वर्षाचा मोठा सण चवथीचा. लहानपणी वाण्याकडील उधारीवर नारळ-गूळ येई आणि मोदक खाताना आम्हां मुलांस त्या वहीची आठवणही नसे. पुढे कित्येक महिने आमच्या मातोश्री मात्र एकेक पैसा मोजून ती वही कोरी करीत.

राष्ट्राच्या वहीचेही असेच असते. शेजारच्या श्रीलंकेत २०१९ साली मोठ्या करकपातीचे आश्वासन देऊन एक पक्ष निवडून आला व त्याने कर घटविलेही. पुढे महामारी आली, पर्यटन बुडाले, आणि एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्जाची फेड थांबवावी लागली. तत्पूर्वी मार्चमध्ये कागद नाही म्हणून तेथील पश्चिम प्रांतातील शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या होत्या. त्या मुलांनी मत दिले नव्हते. भोगणे मात्र त्यांच्या वाट्यास आले.

विद्यार्थिमित्रांनो, आमचे राज्य त्या थरास गेलेले नाही. परंतु आज काढलेले कर्ज फेडावयाचे आहे ते तुम्हांस, आणि तुम्हांस अजून मताचा अधिकार नाही. म्हणून एवढेच करा: पुढील निवडणुकीत उमेदवार तुमच्या दारी येईल, तेव्हा आईवडिलांच्या शेजारी उभे राहा आणि नम्रपणे विचारा, ‘काका, हे पैसे कोण फेडणार?’ आम्हां वडीलधाऱ्यांना जे सुचले नाही, ते तुमच्या तोंडून ऐकताना आम्हांस लाज वाटेल. पण ती लाज हितकारक ठरेल.