दार उघडणारे आणि घर बांधणारे

कामगारवर्गाच्या नावाने चालणाऱ्या राज्यात कामगारांनाच एकत्र जमण्यासाठी चर्चचा आसरा घ्यावा लागावा, यापेक्षा त्या राज्यव्यवस्थेवरील कठोर अभिप्राय दुसरा कोणता असू शकेल? पूर्व जर्मनीतील लाइपझिगच्या सेंट निकोलस चर्चचा इतिहास समाजवादी कार्यकर्त्यांनी अभ्यासावयाचा तो याच प्रश्नासाठी.

हे चर्च ११६५ च्या सुमारास स्थापन झाले. १९८२ पासून तेथे दर सोमवारी सायंकाळी पाच वाजता शांततेसाठी प्रार्थना होऊ लागली. वृत्तपत्रे, कामगार संघटना, विद्यापीठे सारेच सत्ताधारी पक्षाच्या मुठीत होते. पक्षाच्या नियंत्रणाबाहेर उरलेली मोठी संस्था म्हणजे चर्चच. साहजिकच शस्त्रस्पर्धा, प्रदूषण, देशाबाहेर जाण्यावरील बंदी यांविषयी बोलू इच्छिणारे आस्तिक आणि नास्तिक तेथे एकाच बाकावर बसू लागले.

अर्थात, चर्चला क्रांतिकारक ठरविण्याची घाई करू नये. १९६८ साली याच शहरातील विद्यापीठाचे जुने चर्च शासनाने सुरुंग लावून पाडले होते. ती दहशत विसरली गेली नव्हती. १९७८ साली चर्चच्या नेत्यांनी एरिक होनेकर यांच्याशी समझोता केला. १९८८ मध्ये तर विरोधी गटांकडून सोमवारच्या प्रार्थनेचे संयोजनच काढून घेण्यात आले. ते तरुण मग चर्चसमोरच्या प्रांगणात जमू लागले. संस्था कचरत होती. तिला पुढे रेटले ते दारात उभ्या असलेल्या माणसांनी.

९ ऑक्टोबर १९८९ रोजी पक्षाने आपले शेकडो सदस्य आधीच चर्चमध्ये नेऊन बसविले. बाहेर सशस्त्र दले सज्ज होती. चारच महिन्यांपूर्वी बीजिंगमध्ये झालेला रक्तपात सर्वांना ठाऊक होता. तरीही सुमारे ७०,००० नागरिक 'जनता ती आम्हीच' असे म्हणत निःशस्त्रपणे रस्त्यावर उतरले. गोळी सुटली नाही. बरोबर एक महिन्याने बर्लिनची भिंत खुली झाली.

परंतु इतिहास तेथे थांबला नाही. मार्च १९९० च्या निवडणुकीत, ज्यांनी हे आंदोलन उभारले त्या नागरी गटांच्या 'बुंडनिस ९०' या आघाडीला तीन टक्केही मते मिळाली नाहीत. जुलैमध्ये पश्चिम जर्मनीचे चलन आले, पाठोपाठ कारखाने बंद पडू लागले आणि लाखो कामगार बेकार झाले. आर्थिक पुनर्रचनेचे निर्णय ज्यांच्या हाती गेले, ते त्या सोमवारी रस्त्यावर नव्हते.

यातून दुहेरी बोध निघतो. सभास्वातंत्र्य नाकारणारा समाजवाद स्वतःच्याच जनतेला परका होतो. ते स्वातंत्र्य म्हणजे समाजवादाची शोभा नव्हे, त्याचा पाया आहे. आणि आसरा म्हणजे संघटना नव्हे. भयाच्या काळात प्रार्थनामंदिर लोकांना छप्पर देऊ शकते. उद्याच्या उत्पादनाची आणि वाटपाची व्यवस्था मात्र लोकांच्या पक्षाने व संघटनांनी आधीच सिद्ध ठेवावी लागते. ती नसेल, तर दार एकजण उघडतो आणि घरात दुसराच शिरतो.