मास्क कुणाच्या मापाचा?

बाईच्या झोपेबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते ती किती कमी झोपते याच्या कौतुकाने. 'पहाटे चारला उठते, रात्री अकरापर्यंत हात चालू असतो,' हे वाक्य आपण स्तुती म्हणून ऐकत आलो आहोत. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या बायकांची अर्धी झोप तर लोकलच्या लेडीज डब्यात होते. दांडीला धरून उभ्या उभ्याही डोळा लागतो. सगळ्याच पेंगत असतात, मग त्यातल्या एखादीचं पेंगणं आजाराचं आहे हे ओळखायचं कुणी?

टेंभी नाक्यावरच्या आपल्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा दोघीतिघींनी दबक्या आवाजात सांगितलं, की डॉक्टरांनी झोपेत लावायचं यंत्र दिलं आहे, पण मास्क सोसवत नाही म्हणून ते कपाटावर पडून आहे. नाकावरचा मास्क हा काय संपादकीयाचा विषय, असं काहींना वाटेल. आम्हाला तो तसा वाटतो, आणि का ते सांगतो.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट अरुंद होते किंवा बंदच पडते. श्वास दहा सेकंद किंवा अधिक काळ अडतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, श्वास सुरू होतो. पुन्हा झोप, पुन्हा अडणं. तासाला पाचपेक्षा जास्त वेळा असं होऊ लागलं की डॉक्टर त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. तीस आणि त्यापुढे गेलं की आजार तीव्र समजतात. सकाळी माणूस उठतो तो थकलेला, डोकं जड, चिडचिडा. उपचार न झाल्यास रक्तदाब आणि हृदयाचे विकार वाढण्याचा धोका असतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले तेव्हा या आजाराचं नाव पहिल्यांदा घराघरांत पोचलं. पण नावाबरोबर चित्रही पोचलं ते एका स्थूल, घोरणाऱ्या पुरुषाचं. हे चित्र जुनं आहे, आणि शास्त्रानेही ते बराच काळ जपलं. मुंबईत या आजारावर झालेलं एक महत्त्वाचं संशोधन डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलं. हिंदुजा रुग्णालयात नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ निरोगी व्यक्तींपासून त्याची सुरुवात झाली, आणि साडेसात टक्क्यांना लक्षणांसह हा विकार असल्याचा अंदाज निघाला. काम मोलाचं होतं. फक्त त्या ६५८ जणांत एकही बाई नव्हती, अभ्यासच पुरुषांचा होता.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात १९९३ साली ३० ते ६० वयाच्या नोकरदारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण पुरुषांत २४ टक्के निघालं आणि बायकांत ९ टक्के. म्हणजे बायकांत कमी, पण नगण्य मुळीच नाही. १९९७ साली तिथल्याच संशोधकांनी पुढचा हिशेब मांडला: मध्यम ते तीव्र विकार असलेल्या बायकांपैकी ९३ टक्क्यांचं निदानच झालेलं नव्हतं. पुरुषांत हा आकडा ८२ होता. पाळी गेल्यानंतर बाईला हा धोका वाढतो, हेही आता माहीत आहे.

निदान का होत नाही? बाई दवाखान्यात जाऊन 'मी घोरते' असं म्हणत नाही. घोरणं बाईला शोभत नाही असं तिला लहानपणापासून शिकवलेलं असतं. ती म्हणते, झोप लागत नाही, सकाळी डोकं दुखतं, रात्री दोनतीनदा लघवीला उठावं लागतं, कशात मन लागत नाही. मग तिला रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात, झोपेच्या गोळ्या मिळतात, किंवा 'या वयात व्हायचंच' असा सल्ला मिळतो. टोरांटोच्या डॉक्टरांनी २००८ साली तयार केलेली आठ प्रश्नांची यादी आज जगभर वापरतात. तिच्यात एक गुण पुरुष असण्याचा आहे आणि एक गुण ४० सेंटिमीटरहून जाड मानेचा. म्हणजे बाई त्या कागदावर पहिल्यापासूनच मागे!

इतकं सगळं ओलांडून एखादीचं निदान होतं, रात्रभराची तपासणी होते, आणि डॉक्टर सीपॅप यंत्र लिहून देतात. हे यंत्र हवेच्या दाबाने घशाची वाट रात्रभर उघडी ठेवतं. ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली पाच रुग्णांवर ते वापरून दाखवलं. त्या सुरुवातीच्या काळात एकेका रुग्णाच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घेऊन त्याच्याच नाकाचा मास्क बनवत आणि रोज रात्री तो चिकटवत. त्रासाचं काम होतं, पण मास्क त्या माणसाचा होता. पुढे कारखाने आले आणि लहान, मध्यम, मोठा अशी मापं आली. आता नाकाने मास्कात बसायचं असतं.

इथेच आपला प्रश्न सुरू होतो. यंत्र कितीही चांगलं असो, मास्क बसला नाही तर हवा गळते, डोळ्यांत झोत जातो, नाकाच्या दांड्यावर वळ उठतो, आणि आठवड्यात यंत्र कपाटावर जातं. मग घरात म्हणतात, 'एवढे पैसे घातले, हिला जमलंच नाही.' मैत्रिणींनो, नाकाला न बसणारा मास्क हा बाईचा हट्ट नव्हे आणि नाजूकपणाही नव्हे. तो चुकीच्या मापाचा मास्क आहे, इतकंच.

म्हणून मास्क घेण्याआधी काय पाहायचं ते इथे नीट लिहितो.

नाकावरचे मास्क मुख्यतः दोन तऱ्हेचे. एक अख्ख्या नाकावर टोपीसारखा बसतो. दुसऱ्याला 'पिलो' म्हणतात, तो नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकतो, चेहऱ्यावर कमी जागा घेतो आणि चष्मा लावून वाचणाऱ्यांना सोयीचा पडतो. तोंड उघडं टाकून झोपण्याची सवय असेल, किंवा नाक कायम चोंदलेलं असेल, तर नुसत्या नाकावरच्या मास्कने भागत नाही. आधी नाकाचा उपचार करून घ्यावा, किंवा तोंडही झाकणाऱ्या मास्कबद्दल डॉक्टरांशी बोलावं.

माप नाकाचं घ्यायचं: दोन्ही नाकपुड्यांच्या बाहेरच्या कडांमधली रुंदी आणि नाकाची उंची. बहुतेक कंपन्या मापाचा कागद किंवा पट्टी देतात, ती मागून घ्या. 'लेडीज आहे ना, मग स्मॉल' हे दुकानदाराचं माप चालवून घेऊ नका. गुलाबी पट्टा लावला म्हणून मास्क बाईचा होत नाही.

खुर्चीवर ताठ बसून मास्क पाहू नका. आडवं व्हा, कुशीवर वळा, यंत्र तुमच्या दाबावर चालू करायला सांगा. झोपल्यावर चेहऱ्याचं मांस सरकतं आणि बसताना बरोबर वाटलेला मास्क गळू लागतो. गळतो म्हणून पट्टे करकचून आवळणं हा उपाय नाही. फार आवळावं लागत असेल तर माप किंवा प्रकार बदला. सकाळी उठलेली खूण थोड्या वेळात जायला हवी. न गेली, कातडी सोलली, तर दाखवा.

यानंतरच्या गोष्टी छापील माहितीपत्रकात सहसा सापडत नाहीत. पुरुषाला दाढीमिशीमुळे मास्क गळेल हे दुकानदार आवर्जून सांगतो. चमकीचं कोण विचारतं? चमकीची फिरकी नाकपुडीच्या आत असते. पिलो मास्क तिच्यावर घासतो आणि वरचा खडा टोपीच्या मास्कखाली रुततो. रात्री चमकी काढून ठेवावी हे सरळ. पण सौभाग्याची खूण म्हणून सासूबाई काढू देत नाहीत, असंही आपल्यात घडतं. तेव्हा हे बोलणं घरात एकदा व्हायलाच हवं, की खूण राहील डबीत, श्वास राहिला पाहिजे नाकात. मंगळसूत्रही नळीत अडकतं, तेही रात्री उतरवावं. अंबाडा घालून झोपलं तर मागचा पट्टा घसरतो, त्यामुळे सैल वेणी एका बाजूला घ्यावी. रात्री चेहऱ्याला क्रीम किंवा तेल लावलं तर सिलिकॉनची कड धरत नाही आणि लवकर खराब होते. चेहरा धुऊन, कोरडा करून मग मास्क लावावा.

बाई रात्री सलग झोपते असं धरूनच ही यंत्रं बनवलेली दिसतात. लेकरू रडतं, सासऱ्यांना पाणी हवं असतं, पहाटे नळाला पाणी येतं. तेव्हा पट्टे न काढता नुसती नळी सुटी करता येईल असा मास्क पाहा, तसे मिळतात. नळी साधारण सहा फुटांची असते. वन रूम किचनमध्ये पलंगाजवळच्या प्लगपाशी कोण झोपतं आणि जमिनीवर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी कोण, हे आपल्याला ठाऊक आहे. यंत्र घरात आल्यावर झोपण्याच्या जागाही बदलाव्या लागतील. तशी मागणी करायला लाजू नका.

मास्कची कड रोज साध्या साबणाच्या पाण्याने धुवावी, सावलीत वाळवावी. ओलाव्याच्या टाकीत नळाचं पाणी नको, डिस्टिल्ड वॉटर घालावं. कड झिजते, तेव्हा ती वेगळी मिळते का आणि कितीला, हे घेतानाच विचारा.

दोन धोक्यांची माहिती असू द्या. काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाच्या कळ्या असतात. पेसमेकर किंवा शरीरात तशी धातूची उपकरणं असलेल्यांना त्यांपासून धोका संभवतो, म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये फिलिप्स कंपनीला अशा मास्कबाबत इशारा द्यावा लागला. शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असेल तरी हे लागू आहे. त्याआधी जून २०२१ मध्ये त्याच कंपनीने आतल्या फोमच्या दोषापायी आपली लाखो यंत्रं परत मागवली होती. त्यामुळे स्वस्तात जुनं यंत्र घेत असाल तर ते कोणत्या साली बनलं आणि त्या यादीत आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता पैशांचं. मास्क काही हजारांचा, यंत्र त्याच्या कितीतरी पट. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना सी.जी.एच.एस.मधून नियमानुसार परतफेड मिळते. खासगी विम्याच्या अनेक पॉलिसी घरी वापरायच्या यंत्राचा खर्च धरत नाहीत. घरकाम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बाईकडे यातलं काहीच नाही. आणि पाकीट फोडलं की स्वच्छतेच्या कारणाने मास्क परत घेत नाहीत. चुकीच्या मापाची किंमत सर्वांत जास्त मोजते ती सर्वांत कमी पैसे असलेली बाई.

१९८६ साली नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाविरुद्ध स्त्रीसंघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या तेव्हा त्यांचं म्हणणं होतं की आमच्या शरीरात काय घालताय ते आम्हाला पूर्ण सांगा. तिथे धोका लपवला जात असल्याची तक्रार होती. इथे उपचार उपयोगाचा आहे, पण तो आपल्यापर्यंत आपल्या मापाने पोचत नाही. दोन्हीकडे मागणी एकच: निर्णय घेताना त्या बाईला विचारा.

म्हणून गटांना तीन कामं सुचवतो. पहिलं, आपल्या आरोग्य शिबिरांत रक्तदाब आणि हिमोग्लोबिनसोबत झोपेबद्दलही विचारा. दिवसा डोळा लागतो का, सकाळी डोकं दुखतं का, रात्री दचकून जाग येते का? घोरण्याबद्दल तिच्याशेजारी झोपणाऱ्या मुलीला किंवा बहिणीला विचारा. दुसरं, मास्क घ्यायला बाईला एकटीला पाठवू नका. दोघींनी जावं, मापाची पट्टी मागावी, आडवं होऊन पाहावं, आणि 'पंधरा दिवसांत बसला नाही तर बदलून देऊ' असं पावतीवर लिहून घ्यावं. तिसरं, ठाण्याचं सिव्हिल, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचं शास्त्रीनगर या सार्वजनिक रुग्णालयांकडे निवेदन द्या. झोपेची तपासणी आणि मास्क घालून पाहण्याची सोय तिथे असावी, असेल तर तिची मराठीत पाटी असावी, आणि किती बायकांची तपासणी झाली याचा आकडा वेगळा ठेवला जावा. जे मोजलं जात नाही त्यासाठी तरतूद होत नाही, हे आपण घरकामाच्या बाबतीत शिकलोच आहोत.

आणि ज्यांचं यंत्र कपाटावर आहे त्या मैत्रिणींना एवढंच: ते खाली काढा, डॉक्टरांना दाखवा, मास्क बदलून मागा. पहिला बसला नाही म्हणून उपचार संपत नाही. तुमचे अनुभव आम्हाला लिहून कळवा, नाव छापायचं नसेल तर तसं लिहा. पुढच्या अंकात आपण ते एकत्र छापू, म्हणजे दुकानात जाणाऱ्या पुढच्या बाईला काय विचारायचं ते आधीच ठाऊक असेल.

— संपादक मंडळ