जुन्या यंत्राच्या माथी कोणाचे पाप?

एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी एक जाहीर आवाहन केले: ‘कोबोल’ ही संगणकभाषा जाणणाऱ्यांनी स्वयंसेवक म्हणून राज्याच्या मदतीस यावे. करोनाच्या साथीमुळे त्या देशात मार्चअखेरीच्या एकाच आठवड्यात सुमारे ६० लाख कामगारांनी बेकारभत्त्यासाठी नव्याने अर्ज केले होते. त्या लोंढ्यापुढे राज्याची चाळीस वर्षांहून जुनी संगणकव्यवस्था हतबल झाली, असे सांगण्यात आले. जगातील सर्वांत धनाढ्य राष्ट्रात बेकाराच्या हाती त्याच्या हक्काचे पैसे पोहोचविण्यासाठी विनामोबदला राबणाऱ्या माणसांचा शोध घ्यावा लागला. दोष जुनाट भाषेचा, असा निकाल वृत्तपत्रांनी देऊन टाकला. हा निकाल सत्ताधाऱ्यांना सोयीचा होता. म्हणूनच तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

कोबोलचा जन्म १९५९ मधला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पाठिंब्याने सरकारी खाती व यंत्रनिर्माते एकत्र बसले आणि ग्रेस हॉपर यांच्या आधीच्या कार्याचा आधार घेऊन त्यांनी एक नवी भाषा सिद्ध केली. तिच्यात लिहिलेली आज्ञावली कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर चालावी आणि कारभार पाहणाऱ्या सामान्य माणसालाही वाचता यावी, हा हेतू होता. १९६४ मध्ये आयबीएमने ‘सिस्टिम/३६०’ ही मेनफ्रेमची, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकांची मालिका जाहीर केली. मालिकेतील लहान यंत्रासाठी लिहिलेले काम मोठ्या यंत्रावरही चालेल, हे तिचे वैशिष्ट्य. त्या परंपरेतील यंत्रांवर जगातील कितीतरी बँकांचे व विमा कंपन्यांचे हिशेब आजही चालतात. याचे कारण केवळ आळस नव्हे. या आज्ञावल्यांत कित्येक दशकांचे कायदे, करार, व्याजाचे नियम आणि अपवाद नोंदलेले आहेत. ज्याला अडगळ म्हणून हिणवले जाते, ते वस्तुतः हजारो कर्मचाऱ्यांचे साठलेले श्रम आहेत.

मग न्यू जर्सीत बिघडले काय? संगणकाच्या इतिहासाचे अभ्यासक मार हिक्स यांनी २०२० मध्येच दाखवून दिले की, कोबोलमधील मूळ व्यवस्था आपले काम करीत होती. कोसळत होते ते अर्ज स्वीकारणारे, तुलनेने नवे संकेतस्थळ. फ्लोरिडाचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. त्या राज्याने ७ कोटी डॉलरहून अधिक खर्चून २०१३ मध्ये नवी कोरी व्यवस्था आणली होती. २०२० मध्ये तीही कोलमडली. लोकांनी कंटाळून नाद सोडावा अशाच बेताने तिच्यात वाटोवाट अडथळे रचले असावेत, असे खुद्द गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनीच त्या वर्षी बोलून दाखविले. अडथळे रचण्याचा निर्णय यंत्राचा नसतो. शिवाय अमेरिकेत बेकारी घटली की भत्त्याच्या प्रशासनाचा निधीही घटतो. परिणामी संकट येते तेव्हा जाणकार मनुष्यबळ शिल्लक राहत नाही.

खाजगी क्षेत्राची गोष्ट निराळी नाही. ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये जुन्या व्यवस्थेवरील सर्व खाती एका झटक्यात आपल्या स्पॅनिश मालकाच्या नव्या व्यवस्थेवर हलविली. सुमारे १९ लाख खातेदार आपल्याच पैशांना पारखे झाले. २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला सुमारे ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड ठोठावला. पण पगाराच्या दिवशी खाते न उघडणाऱ्या माणसाच्या मनस्तापाची भरपाई दंडाने होत नाही.

आपल्या देशाने या बाबतीत एक वेगळी वाट चोखाळून पाहिली होती. परकीय भागभांडवल चाळीस टक्क्यांवर आणण्याची अट आयबीएमला मान्य नव्हती. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७८ मध्ये, तिने भारतातील गाशा गुंडाळला. यंत्रे बंद पडतील, अशी भीती घातली गेली. परंतु सार्वजनिक क्षेत्रातील सीएमसी या कंपनीने ती चालू ठेवली. जुने यंत्र सांभाळण्याचे ज्ञान सार्वजनिक संस्थेत उभे राहू शकते, हे तेव्हा सिद्ध झाले. २००१ मध्ये सरकारने त्याच सीएमसीचे नियंत्रण टाटांना विकले. दरम्यान, इसवी सन २००० च्या तारखांचा घोळ निस्तरण्यासाठी पाश्चात्त्य कंपन्यांनी आपल्याकडील तरुणांना कोबोलच्या कामाला जुंपले होते. आजही परदेशी बँकांच्या जुन्या आज्ञावल्यांची देखभाल मुंबई, पुणे, चेन्नई येथील कर्मचारी कंत्राटाने करतात. ज्ञान त्यांचे, मालकी दुसऱ्याची!

याचा अर्थ जुने ते सारे सोने, असा नव्हे. मेनफ्रेमच्या वापरकर्त्याला एकाच पुरवठादाराच्या दावणीला बांधून घ्यावे लागते, हे खरेच आहे. आता तर आयबीएमनेच २०२३ मध्ये कोबोलचे जावा या भाषेत रूपांतर करू पाहणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन बाजारात आणले आहे. बदल व्हावा, परंतु तो कोणाच्या देखरेखीखाली आणि कोणाच्या हितासाठी, हा खरा प्रश्न आहे. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळातील कर्मचाऱ्यांनी संगणकाला विरोध केला, तेव्हाही यंत्र कोणाची भाकरी काढून घेणार, हाच प्रश्न होता.

म्हणून बँका, विमा व निवृत्तिवेतन या क्षेत्रांतील संघटनांनी आपल्या मागणीपत्रात तीन गोष्टींचा समावेश करावा. आज्ञावल्यांची मालकी व त्यांची संपूर्ण नोंद संस्थेकडेच असावी. त्या जाणणारे कर्मचारी कायम सेवेत असावेत आणि ज्येष्ठांच्या निवृत्तीपूर्वी नव्यांना प्रशिक्षण मिळावे. व्यवस्था बदलायचीच तर ती टप्प्याटप्प्याने, कर्मचाऱ्यांना विश्वासात घेऊन बदलावी. पगारवाढीच्या मागणीइतकीच ही मागणीही श्रमिकांच्या जिव्हाळ्याची आहे. कारण भत्ता असो वा निवृत्तिवेतन, ते याच यंत्रांतून त्यांच्या हाती पोहोचते.